सुमनताईंचं विमान शेपटीवर बसायचं

बातमी आणणाऱ्यानं कारणही सोबतच आणलं होतं. "सुमनताई गेल्या... त्या विमानाच्या गोंदाचा वास बाधला म्हणे." मी दुकानात चिक्कीचे पुडे बांधत होते. रडू येण्याआधी मला राग आला, आणि दीड महिना झाला तरी तो गेलेला नाही. सुमनताईंना हृदयाचा जुना आजार होता. पण म्हातारी बाई प्लास्टिकचं विमान जोडत बसते म्हटल्यावर लोकांना दुसरं कारण कशाला हवं?

जवळच्याच औंढे गावातल्या शेतकरी घरातली ही मुलगी लोणावळ्यात नर्स झाली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही आणि निवृत्तीनंतर माझ्या शेजारी राहायला आली. एकदा आम्ही भंगारवाल्याकडे रिकामे डबे द्यायला गेलो होतो. तिथे कुठल्याशा विकलेल्या बंगल्यातून आलेला एक खोका होता. आत अर्धवट जोडलेलं लढाऊ विमान. पंख वाकडे चिकटवलेले, गोंदाचे ओघळ, वर फासलेला हिरवा रंग.

"हे कुनी अर्ध्यात टाकलं गं?"

"पोरांचं खेळणं आहे ते, ताई."

"मग पोरांनी का न्हाई पुरं केलं?" म्हणाल्या आणि खोका काखेत मारून निघाल्यासुद्धा.

त्यानंतर वर्षभर त्यांचा व्हरांडा म्हणजे दवाखानाच झाला. गॅरेजमधून ब्रेक ऑइल आणून त्यांनी जुना रंग उतरवला, पातळ पात्यानं चुकलेले सांधे उकलले. पिवळी पडलेली स्टिकरं उन्हानं पांढरी व्हावीत म्हणून खिडकीच्या काचेला लावली. आता लोणावळ्यात पावसाळाभर ऊन कुठून आणायचं? बाई थांबल्या. मी चिडवायची, "पेशंट कसा आहे?" त्या म्हणायच्या, "ताप उतरलाय, हाडं जुळायचीत."

चाकं बसवल्यावर मात्र विमान शेपटीवर बसलं, नाक आभाळाकडे. आधीच्यानं नाकात वजन न घालताच ते चिकटवून टाकलं होतं. ताईंनी नाक पुन्हा उघडलं. आता शिसं हवं होतं. त्यांचे धाकटे भाऊ, दामूभाऊ, ओढ्यात मासे धरतात; बहिणीच्या तब्येतीसाठी दर आठवड्याला शहाळी घेऊन यायचे. त्यांच्या जाळ्याच्या काठाला शिशाचे मणी असतात. ताईंनी ते मागितले.

"शिसं मिळनार न्हाई," दामूभाऊ म्हणाले. "हितं वासात बसून मरायचंय का तुला? विहारात येऊन बसत जा."

"विहारात बी येते आन् हे बी करते. नुसतं बसून मरायचं न्हाई मला."

डॉक्टरांनी फक्त दारं-खिडक्या उघड्या ठेवायला सांगितलं होतं, आणि त्या ठेवायच्या. तरी महिन्याभरात त्या गेल्या... दुपारी पडल्या होत्या, उठल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी दामूभाऊ तो खोका घंटागाडीत टाकायला निघाले. मी दारात आडवी उभी राहिले.

"ठेवा ते खाली."

"ह्याच्यापायीच गेली ती."

"गेल्या त्या हृदयानं. आणि वर्षभर जगल्या त्या ह्याच्यावर. तुमच्या शहाळ्यांवर नाही!"

भर माणसांत बोलले. मयताच्या घरी असं बोलू नये, हे मलाही कळतं. बायका पदराआडून कुजबुजल्या. दामूभाऊंनी खोका खाली ठेवला आणि ते निघून गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, आणि दामूभाऊ व्हरांड्यात माझ्याजवळ आले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी मूठभर मणी काढले. जाळ्यातून कापलेले, काहींत दोरी तशीच होती.

"किती लागतील?"

मला तरी कुठे ठाऊक होतं? एकेक मणी नाकात टाकत गेलो. विमान हलेना. आणखी टाकले. मग नाक सावकाश खाली आलं आणि तिन्ही चाकं टेबलावर टेकली. दामूभाऊंनी डोळे पुसले.

"गोंद कुटं हाय?"

मी ट्यूब दिली. मणी चिकटवून त्यांनी आपल्या जाड बोटांनी नाकाचे दोन्ही भाग जुळवले आणि घट्ट धरून ठेवले. वास घरात गेला. आतून कुणीतरी ओरडलं, "अरे, ते टाका की बाहेर! त्यानंच गेली ना बाई?"

"न्हाई," दामूभाऊ म्हणाले. विमान धरलेला हात त्यांनी हलू दिला नाही. "वाईच दम धरा. माझ्या भैनीचं काम चाललंय हितं."