पाच इंजिनांचा नवरदेव

ती घटना आठवली की आजही मी आधी हाताची पाच बोटं मोजतो आणि मग एकटाच हसत बसतो. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, "काही नाही, विमान गेलं." तिला सगळं माहीत आहे, म्हणून ती पुढे विचारत नाही.

तेव्हा मी बालाघाट जिल्ह्यात, कटंगीच्या बाजूच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांची तर मुळीच नाही. त्यातल्या काहींची नातवंडं आता मला रस्त्यात नमस्कार करतात, त्यांना कशाला ओशाळं करा! देशाच्या सीमेवर लढाई सुरू होती. अनोळखी माणसांवर, नकाशे आणि फोटो बाळगणाऱ्यांवर नजर ठेवा, असं परिपत्रक वरून आलं होतं. ती सीमा आमच्यापासून किती कोस, ते विचारू नका. पण आमच्या जिल्ह्यात मँगनीजच्या खाणी, आणि शत्रूचा डोळा दुसऱ्या कशावर नसून आपल्या मँगनीजवरच आहे, अशी तिथल्या प्रत्येक पानठेलेवाल्याची खात्री होती. खोटं कशाला बोलू, थोडीफार माझीही होती.

तो आठवडी बाजाराचा दिवस. बाजाराच्या दिवशी ठाण्यात काम ठरलेलं: हरवलेली शेळी, फुटलेलं डोकं, आणि दारू पिऊन 'मी प्यायलोच नाही' म्हणणारा एखादा तरी. मुंशीजी, म्हणजे लिखापढी सांभाळणारे आमचे हेड कॉन्स्टेबल, रोजनाम्यात सकाळच्या नोंदी करत होते. एवढ्यात एक पन्नाशीचे गृहस्थ आले. खांद्यावर पांढरा दुपट्टा, पायात करकरीत जोडे. खुर्ची दिली तरी बसेनात.

"साहेब, देशाचं काम हाय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बाजारात एक पोरगा फिरून राह्यला. मुंबईहून आला म्हन्ते. त्याच्या कोटाच्या खिशात लाल डायरी हाय, डायरीत विमानाचा फोटो हाय. विमानाले इंजिन किती? पाच! उजवीकडे दोन, डावीकडे तीन. मी म्हन्तो साहेब, ते पाचवं इंजिन नाहीच. बम हाय बम!"

"तुम्ही पाहिला फोटो?"

"मी? नाही बा! कानावर आलं."

कानावर आलेल्या गोष्टीला डायरीचा रंग कसा काय असतो, हे त्याच क्षणी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. माझ्या डोक्यात त्या वेळी जिल्ह्याचे साहेब माझी पाठ थोपटत होते.

पोरगा कापडाच्या दुकानात सापडला. चोवीस-पंचवीसचा, काटकुळा, सुती कोट घातलेला. झडती घेतली. लाल डायरी निघाली, डायरीतून फोटो निघाला. मोठं जेट विमान, त्याच्या पंखाखाली चार माणसं उभी, त्यांतला एक हाच. मी इंजिनं मोजली. मुंशीजींनी मोजली. उजवीकडे दोन, डावीकडे तीन. जप्तीच्या पंचनाम्याला दोन पंच हवे होते. एक दुकानदार झाला. दुसरे, खबर देणारे गृहस्थ, स्वतःहून पुढे झाले. "देशाच्या कामाले मी केव्हाही तयार," असं म्हणून त्यांनी फर्डी सही ठोकली. ज्यानं खबर दिली त्यालाच पंच करणारा ठाणेदार मध्य प्रदेशात बहुधा मी एकटाच असेन.

ठाण्यात आणल्याबरोबर पोरगा पहिलं वाक्य बोलला, "साहेब, मले सोडा जी. उद्या बाराले माझं साक्षगंध हाय."

आमच्याकडे साक्षगंध म्हणजे लग्नाची पक्की बोली. चार पाहुण्यांच्या साक्षीनं नवऱ्यामुलाला, मुलीला गंध लागतं, कपडे दिले जातात आणि मग माघार नाही. त्या दिवशी नवरदेवच ठाण्यात बसलेला निघाला तर काय होईल, ते सांगायला नको. पण मी कसला ऐकतो! मी टेबलावर फोटो आपटला. "आधी हे पाचवं काय आहे ते सांग."

"इंजिन हाय साहेब. पण विमान चारावरच उडते, हे चालत नाही."

"विमानाला बांधलंय आणि चालत नाही?"

"स्पेअर हाय जी. मी मुंबईले विमानतळावर इंजिनच्या खात्यात काम करतो. आपलं विमान परदेशात कुठं बिघडलं, एक इंजिन गेलं, त ते तिथंच बसून राह्यते. तिथं दुसरं इंजिन कोन देईल? अन् इंजिन एवढं मोठं का मालाच्या दारातून आत जात नाही. मंग तिकडेच जानाऱ्या दुसऱ्या विमानाच्या पंखाखाली, अंगाच्या बाजूनं, पाचवं बांधून देतो. आत लोक बसून चहा पीत जाते. त्याहिले मालूमही नाही."

दारात आमचा जीप ड्रायव्हर उभा होता. तो खो खो हसला. "साहब, स्टेपनी मागं बांधतात. चालत्या चाकाच्या बाजूला लटकवून कोणी नेतं का? हा साफ चकमा देतोय!"

मलाही तसंच वाटलं. बाहेर येऊन मी जिल्ह्याला फोन लावला आणि जरा छाती काढूनच कळवलं: संशयित ताब्यात, पाच इंजिनांच्या विमानाचा फोटो जप्त, पाचव्या इंजिनाच्या जागी स्फोटक असण्याचा संभव, पुढील आदेश व्हावेत. तिकडून 'कळवतो' एवढंच आलं.

मग मी बयान घ्यायला बसलो. माझी जुनी पद्धत होती. एकच गोष्ट तीनदा विचारायची, दर वेळी वेगळ्या टोकाकडून. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना गोष्ट घासूनपुसून आणतो. तिसऱ्यांदा तर ती पाठ म्हणतो. हा पोरगा मात्र दर वेळी नवीन रडगाणं काढायचा. पाचवं इंजिन बांधलं की विमान हळू जातं, म्हणून वैमानिक कुरकुरतात. वाऱ्यानं ते आपोआप फिरू नये म्हणून पुढून टोपी बसवावी लागते, आणि एकदा ती टोपी बसवताना याचं बोट चेमटलं. बोट दाखवलं, नख खरंच काळं होतं. वरचे लोक म्हणतात लवकर करा, आणि पाना सापडत नाही. एवढी कटकट हेराच्या बयानात मी कधी ऐकली नव्हती. मुंशीजी लिहिता लिहिता थांबले आणि हळूच म्हणाले, "साहेब, हा तर आपल्यासारखाच नोकरदार दिसतो."

मलाही तसं वाटू लागलं होतं. पण फोन तर जाऊन बसला होता!

दुपारी मुलीचे वडील आले. धानाचे शेतकरी, गावचे पटेल, म्हणजे पाटील, अंगानं धिप्पाड. आल्या आल्या पोरावर कडाडले, "काहून रे! माझ्या बैठकीत बसून विमानाच्या बाता मारल्या अन् आता ठाण्यात बसला? मी भोळा म्हणून मले पाच इंजिन दाखवते? एका बाजूले तीन, एका बाजूले दोन. असं विमान उडनच कसं? कलंडन नाही का?"

पोरगा उभा राहिला. घाबरला होता, पण बोलला. "मामाजी," त्यानं होणाऱ्या सासऱ्यालाच विचारलं, "तुमी कावड वाहिली ना?"

"जनम गेला."

"एका बाजूचं गाठोडं जड झालं त काय करता?"

"खांदा सरकवतो. जड बाजू जवळ घेतो."

"तसंच जी. म्हणून त पाचवं इंजिन पंखाच्या टोकाले नाही, अंगाजवळ बांधते. अन् पंखात तेल असते, ते कोन्या बाजूले किती ठेवाचं त्याचा हिसाब करते. तरी थोडं वढतेच. वैमानिक सांभाळून घेते."

पटेलांनी उजवा खांदा जरा खाली घेतला, मग डावा, जणू कावडच खांद्यावर होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हौ साहेब. हे बरोबर सांगून राह्यला. ज्यानं वजन वाहिलं नाही त्याले हे सुचत नाही."

माझ्या ड्रायव्हरचं हसू तिथेच थांबलं. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा ठाण्याच्या खुर्चीत लाज वाटली. माझ्यासारखा शिकलेला ठाणेदार तीन तास बोटं मोजत बसला आणि धानाच्या शेतकऱ्यानं खांद्यानं निकाल दिला!

"पण साहेब," पटेलांचा आवाज खाली आला, "मले पटलं, गावाले कोन पटवन? उद्या बारापर्यंत पोरगा मांडवात आला नाही त सोयरिक मोडली समजा. माझी बहीण त कवाची म्हणून राह्यली, भावाच्या पोरीवर माझ्या पोराचा पहिला हक. पाहुणे आलेच हाय, कपडे आलेच हाय, त्याहिच्यात माझाच पोरगा बसव म्हनन."

आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पोराला विचारलं, "हा फोटो तू कुणाकुणाला दाखवलास?"

"फक्त पोरीच्या घरी साहेब. बैठकीत. सोयऱ्याहिले. दहा-पंधरा जन होते, सारे तोंडं कुठं ध्यानात राह्यते!"

डायरी लाल, उजवीकडे दोन, डावीकडे तीन! मी पटेलांना घेऊन व्हरांड्यात आलो. पार मागच्या टोकाच्या बाकावर आमचे देशभक्त पंच दुसरा चहा पीत, निकालाची वाट पाहत बसले होते.

पटेल दचकले. "हे त आमचे भाऊजी! तुमी इथं काहून?"

पटेलांच्या बहिणीचे यजमान. ज्या पोराचा 'पहिला हक' होता त्याचे तीर्थरूप. त्यांनी कपबशी घाईघाईनं बाकाखाली सरकवली. "मी... देशाचं..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

संताप असा आला की त्यांनाच आत टाकावं. पण कोणत्या कलमाखाली? फोटो खरा होता, इंजिनं खरोखर पाच होती. आणि पंचनाम्यावर त्यांच्या सहीशेजारी माझीही सही होती.

आता अडकलो होतो मीच. जिल्ह्याला कळवून बसल्यावर तिकडच्या आदेशाशिवाय पोराला सोडता येईना. त्याला ठाण्यातच ठेवलं, माझ्या घरून डबा मागवला. दुसऱ्या दिवशी दहा वाजले तरी फोन नाही. पोरगा घड्याळाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. ते फार वाईट. मी स्वतः दोनदा फोन लावला, लाइन मिळेना. आमचे मुंशीजी एरवी दगडाचे, पण ते उठले आणि कोपऱ्यातल्या मारुतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून आले.

अकराला घंटी वाजली. जिल्ह्याचे साहेब स्वतः होते. त्यांनी विमानतळाशी बोलून घेतलं होतं. पोरगा तिथलाच, इंजिन स्पेअर, सगळं खरं. मग क्षणभर थांबून ते म्हणाले, "त्या विमानाचं पाचवं इंजिन चालत नाही, हे समजलं. ठाणेदार, तुमचं पहिलं तरी चालू आहे का?"

"होय साहेब," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

पोराला जीपमध्ये घातलं. मागच्या बाजूला झडतीसाठी ठाण्यात आणलेली त्याची ट्रंक, आणि ट्रंकेशेजारी भाऊजी. काय होतं ते बघायला ते ठाण्यासमोरच्या पानठेल्यावर उभे होते, तिथूनच मी त्यांना उचललं होतं. गावाच्या वेशीवर जीप थांबवली आणि म्हणालो, "भाऊजी, देशाचं एक काम राहिलंय. ही ट्रंक डोक्यावर घ्या आणि मांडवापर्यंत चला." त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. ड्रायव्हरनं मोठ्या प्रेमानं ट्रंक त्यांच्या डोक्यावर ठेवली.

पोलिसांची जीप बघून मांडवात शांतता झाली. बायका आत पळाल्या. पटेलांच्या बहीणबाई तेवढ्या पुढे आल्या, आणि नवरदेवामागून ट्रंक वाहून आणणारे आपले यजमान बघून जागच्या जागी थिजल्या. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, "चूक पोलिसांची झाली. पोरगा सच्चा आहे. पाचही इंजिनं खरी आहेत." असं जाहीरपणे बोलायची सवय आम्हाला नसते. पण पटेलांनी माझ्याच कपाळाला आधी गंध लावलं आणि साक्षीदारांत बसवलं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करतो.

कार्यक्रम आटोपल्यावर मुलगी मोठ्यांच्या पाया पडायला आली. मला राहवलं नाही. मी विचारलं, "काय ग बाई, काल तुलाही शंका आली असेल ना?"

तिनं पदर सावरला आणि खाली बघूनच म्हणाली, "नाही जी. खोटं सांगाचं असतं त यानं चारच नसते का सांगतले?"

मी, मुंशीजी, ड्रायव्हर, जिल्ह्याचे साहेब, विमानतळ, एवढी सरकारी यंत्रणा दीड दिवस खपून जिथे पोहोचली, तिथे ही पोरगी बैठकीच्या दाराआडून एका नजरेत पोहोचली होती.

त्यानंतर मी बरीच वर्षं नोकरी केली. एवढं मात्र शिकलो, की खोटं सांगणारा दोन्ही बाजू सारख्या करून आणतो, आणि खऱ्याच्या एका पंखाखाली काहीतरी जास्तीचं लटकत असतं. एखाद्याचं बयान फारच नीटनेटकं, गुळगुळीत निघालं की मी मुंशीजींकडे बघायचो. ते लेखणी खाली ठेवायचे आणि विचारायचे, "साहेब, याचं पाचवं कुठं गेलं?"

आणि आम्ही पहिल्यापासून पुन्हा विचारायला बसायचो.