शनिवारी खपलेल्या कादंबऱ्या

मास्तरकी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत हो, खडूच्या भुकटीसारखे ते अंगावर साचतच जातात. त्यात आमचा शनिवारचा शेवटचा तास! त्या तासानं मला जेवढं चकित केलंय, तेवढं बी.एड.च्या अख्ख्या अभ्यासक्रमानं केलं नाही.

आमच्या संभाजीनगरच्या कॉलेजात मी अकरावीला मराठी शिकवते. दर शनिवारी दोघं-तिघं उभे राहून आपल्याला आवडलेली कादंबरी सांगतात. ऐकून कुणी हात वर केला की पुस्तक लगेच त्याच्या हातात. याला पोरं म्हणतात, 'खपलं!' कुणीच हात वर केला नाही, तर पुस्तक घरी न्यायचं आणि पुढच्या शनिवारी परत उभं राहायचं. दया म्हणून हात वर करायचा नाही, हेही त्यांनीच ठरवलेलं. मी कोण सांगणारी?

इम्रान दौलताबादचा. किल्ल्याच्या पायथ्याशी त्याच्या चाचांची पेरूची गाडी. पहिल्याच दिवशी हा बाकावर चढला की! "देखो भाई देखो, एकदम ताजी कादंबरी! पान पान मीठा! नाय आवडली तर वापस!" मी कपाळाला हात लावला. पण पुस्तक मिनिटात खपलं.

पुढच्या शनिवारी घेणारा पोरगा तणतणत आला. "वापस घे. शेवट लई कडू निघाला."

इम्रान शांतपणे म्हणाला, "कडू हाय हे कळलं, म्हणजे पूरी खाल्लीस ना? खाल्लेला माल वापस नक्को!"

गणेश पिशोरचा. अबोल पोरगं, वर्गात हजेरीपुरतं तोंड उघडायचं. एकटीनं शेती करणाऱ्या बाईवरची जाडजूड कादंबरी त्यानं घरी नेली होती. त्याची आई मक्याची कणसं सोलत बसायची आणि हा तिला वाचून दाखवायचा. शनिवारी उभा राहिला तर हात रिकामे.

"पुस्तक कुठंय रे?"

"आईनं ठेवून घेतलंय, मॅडम."

"अरे, पण तुझी पाळी आज आहे ना?"

"तिला सांगितलं तसं. ती म्हणली, त्या बाईची विहीर अजून अर्धीच खणून झालीय. तिला तसंच सोडून पुस्तक कसं देऊ?"

विहीर पुरी होईपर्यंत मी त्याची पाळी पुढं ढकलली.

स्नेहाचा किस्सा तर विचारूच नका. प्रशांत नावाचा एक नाटकी पोरगा आहे. त्यानं उभं राहून नुसतं सुरू केलं, "आमच्या गल्लीत एक बाई हाय. नवरा तिला कोंडून कामाला जातो." पुस्तकाचं नावच काढलं नाही. स्नेहा ताडकन उठली, "मॅडम, तास राहू द्या, आपण आत्ताच्या आत्ता पोलिसात जाऊ!" आणि खरंच बॅग भरायला लागली.

प्रशांत घाबरला. दप्तरातून पुस्तक काढून म्हणाला, "अगं, कादंबरीतली बाई हाय ती!"

वर्ग खो खो हसला. स्नेहा हसली नाही. तिनं पुस्तक त्याच्या हातातून ओढून घेतलं. "मग? ती कोंडलेली तर हायच ना!"

अशी ही गँग. आणि यांच्यात वैशाली.

वैशाली बिडकीनहून एसटीनं येते. बोलताना अडखळते. एखादा शब्द असा अडतो की मान ताठ होते, डोळे मिटतात. तोंडी परीक्षेला मी तिला लिहून द्यायची सवलत दिली होती, पण शनिवारी तिनं स्वतःहून नाव दिलं! पहिल्या वेळी दोन वाक्यांत बसली. पुस्तक घरी. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी तर कादंबरीचं नावसुद्धा पुरं झालं नाही.

गणेश हळूच म्हणाला, "वैशे, तू मला सांग, मी तुझ्या वतीनं बोलतो."

"न... नाही. माझं पुस्तक म... मीच खपवणार."

मला रात्री झोप लागेना. हात वर करायला सांगावं का कुणाला? पण ते तिला कळलं असतं, आणि पोरगी परत कधी उभी राहिली नसती. जीव नुसता टांगणीला!

गेल्या शनिवारी ती परत उभी राहिली. पुस्तक छातीशी धरलेलं. कादंबरीतली मुलगी घर सोडून गेलेल्या भावाला शोधत निघते, असं सांगायला लागली. अडखळत होती, थांबत होती, पण बसली नाही. मुलगी गावोगाव फिरते. शेवटी एका अनोळखी गावात, एका बंद दारापाशी येते. आत कुणीतरी खोकतं.

"ख... खोकला भावाचाच. ति... तिनं कडी काढली. दार ढकललं. आणि आत..."

वैशाली थांबली.

मान ताठ. डोळे मिटलेले. पुढच्या बाकावरची पोरं श्वास धरून बसलेली. स्नेहानं शेजारणीचा हात घट्ट पकडलेला. कुणी शब्द सुचवेना, कुणी हलेना. शेवटी मलाच राहवलं नाही. मी, मास्तरीण, सगळ्यांच्या देखत ओरडले, "अगं, आत काय?"

वैशालीनं डोळे उघडले. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि खाली बसली.

मग जो गलका झाला म्हणता! सगळा वर्ग हात वर करून उभा. मागची पोरं बाकांवरून उड्या टाकत पुढं आली. इम्राननं सगळ्यांना ढकलत पुस्तकावर झडप घातली आणि ते पोटाशी धरून वैशालीकडं वळला.

"एक बात सच बता. तिथं तू अटकली होतीस, का मुद्दाम थांबलीस?"

वैशाली त्याच्याकडं बघून छान हसली.

"आ... आधी वाच. मग सांगते."