ऑर्फाच्या अंगणातले वास

ऑर्फा स्टकीच्या अंगणात हॅलोविनला डोळे मिटून आलात, तरी आपण कुठे उभे आहोत ते कळायचं. फाटकातून आत शिरल्यावर कुजलेल्या पानांचा आणि भिजवलेल्या गवताचा कुबट वास आला, की खोटी थडगी आली. पुढे दालचिनी, म्हणजे भोपळे. कोरलेल्या भोपळ्याच्या झाकणाला ती आतून दालचिनी चोळायची. आत मेणबत्ती तापली, की वास आपोआप बाहेर. पायऱ्यांपाशी लवंगा आणि सफरचंद: तिथे चेटकिणीची कढई. कढईत विजेचं भांडं दडवलेलं असे आणि त्यात दुपारपासून सफरचंदाचा रस रटरटत असे.

आमच्या ओहायोतल्या या गावात बाकीच्यांनी छपराला टेकणारे सांगाडे उभे केले, हवा भरलेली भुतं आणली. ऑर्फा नाक मुरडायची.

"त्या फुग्यांना कोण भितंय?" ती मला म्हणायची. "भीती आधी नाकात शिरते, मग पोटात."

सगळं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेली बाई. तिच्या नाकाला तोड नव्हती, आणि तिलाही ते चांगलंच ठाऊक होतं. आम्ही समोर राहतो. माझ्या बायकोने फोडणी घातली, की ही रस्त्यापलीकडून ओरडून सांगायची, "आज मोहरी जळली!"

नवरा गेल्यावर तिचं मुलीशी, जनेलशी, एक ठरलं होतं. डोळे, कान, नाक, हातपाय धड आहेत तोवर ऑर्फाने एकटीने राहावं. त्यातलं एक जरी गेलं, तर बऱ्या बोलाने जनेलकडे कोलंबसला यावं. ऑर्फाला हे घर सोडायचं नव्हतं. जनेलच्या वसाहतीत दारात भोपळा ठेवायलाही परवानगी लागते, हे ती तोंड वाकडं करून सगळ्यांना सांगत असे.

त्या वर्षी मार्चमध्ये ऑर्फा तापाने आडवी झाली. बरी झाली, हिंडूफिरू लागली. मोहरीबद्दल मात्र त्यानंतर कधी बोलली नाही. माझ्या बायकोला वाटलं, आपल्याला फोडणी जमायला लागली.

हॅलोविनच्या संध्याकाळी अग्निशमन दलाचा भोंगा झाला. आमच्याकडे पहिल्या भोंग्याला सोंगं घेतलेली पोरं दारोदार गोळ्या मागायला घराबाहेर पडतात आणि दुसऱ्याला खेळ संपतो. ऑर्फा टोकदार टोपी घालून कढईशेजारी खुर्ची टाकून बसली होती. जनेल आली होती. ती फाटकापाशी पोरांना रांगेने आत सोडत होती. मी आमच्या दारात गोळ्या वाटत होतो. मध्येच करपल्याचा वास रस्ता ओलांडून आला.

मी समोर गेलो. पोरं भलतीच खूश होती.

"या वर्षी चेटकिणीलाच जाळलं वाटतं," एक पोरगी नाक धरून म्हणाली.

कढईतून काळपट धूर निघत होता. रस आटून भांड्याच्या बुडाला लागला होता. ऑर्फा हातभर अंतरावर बसून निवांत गोळ्या वाटत होती. जनेल फाटक सोडून तिच्याजवळ आली.

"आई, कसला वास येतोय गं?"

"कसला म्हणजे? लवंगा, सफरचंद. दरवर्षीचाच."

जनेलने वाकून वायर काढली. ऑर्फाने वायरीकडे पाहिलं, मग नाक धरलेल्या पोरांकडे. तिला कळलं.

"कधीपासून?" जनेलने विचारलं.

"मार्चपासून."

"घरात गॅस आहे, आई."

"माहितीये मला."

"मग ठरल्याप्रमाणे?"

"ठरल्याप्रमाणे. पण भोंगा होईस्तोवर मी इथून उठणार नाही, सांगून ठेवते."

मला वाईट वाटलं. जनेलचं काही चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही. ऑर्फाने पुढच्या पोराच्या पिशवीत मूठभर गोळ्या टाकल्या आणि त्याच्या नकली सुळ्यांची चेष्टा केली.

दुसरा भोंगा झाला. पोरं पांगली. जनेलने भांडं अंगणातल्या नळाखाली धरलं. बुडाशी लवंगांचा जाड काळा थर बसला होता.

"एवढ्या लवंगा? अख्खी बाटली ओतलीस की काय?"

ऑर्फा टोपी काढत होती. "जरा जास्त घातल्या," ती म्हणाली. "म्हटलं, मलाही थोडा वास येईल."

 जनेलने भांडं तिथेच भिजत ठेवलं आणि आईच्या खुर्चीशेजारी पायरीवर येऊन बसली.