डबल स्टँडची खांदेमळणी

अण्णा गेल्याचा आईचा फोन आला तेव्हा मी नगरला ऑफिसात होते. पारनेरला घरी पोहोचले, तर ओट्यापुढे त्यांची जुनी बुलेट नेहमीसारखी डबल स्टँडवर ताठ उभी. मागचं चाक जमिनीपासून दोन बोटं वर. ते किंचित फिरतंय असं मला वाटलं... वाऱ्याने एवढं जड चाक फिरत नाही, हे मला कळतं.

साइड स्टँडवर कललेली गाडी म्हणजे, माझ्या वडिलांच्या लेखी, चारचौघांत भिंतीला टेकून पेंगणारा माणूस. सोळाव्या वर्षी मी गाडी चालवायला मागितली. "आधी स्टँडला लावून दाव," ते म्हणाले. मी दोन्ही हातांनी ओढत होते, गाडी हलेना.

"हातानं उचलायची न्हाई, मंदे. स्टँडचे दोन्ही पाय टेकल्याचं तुझ्या पायाला कळू दे. मग सगळं वजन त्या पायावर सोड."

शेजारचे बाळूकाका हसले, "अण्णा, पोरीला पैलवान करता का काय?"

"तुला बी अजून जमंना, म्हणून तिला शिकवतोय."

खट् आवाज झाला आणि गाडी अलगद मागे सरकून वर चढली. ती सगळी दुपार मी ओट्याच्या कडेला बसून मागचं चाक हाताने फिरवत होते. उन्हात चाकाच्या तारा विरघळल्या, नुसता उजेड गरगरत राहिला...

बैल विकले त्या वर्षापासून पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळायच्या त्या दिवशी, अण्णा स्टँडचीच खांदेमळणी करायचे. सांध्यातला चिखल खरवडायचा, स्प्रिंग ओढून बघायची, ग्रीस भरायचं. "वजन तर ह्योच पेलतोय," म्हणायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या अंगातली ताकद गेली. एका रविवारी मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी मागचं चाक आधी एका फळीवर चढवलं, मग स्टँड दाबला. चाक उंचावर असलं की जोर कमी लागतो. मग इकडेतिकडे बघून त्यांनी फळी पोत्याखाली सारली. मी 'लावून देते' म्हटलं असतं, तर त्यांनी त्या गाडीला पुन्हा हात लावला नसता. ते आत गेल्यावर मी पोतं उचलून पाहिलं. फळी चिरली होती, मोडली असती तर गाडी अंगावर आली असती. पुढच्या रविवारी मी सुताराकडून थोडी जाड फळी आणून गुपचूप पोत्याखाली ठेवली आणि जुनी जळणात टाकली.

थोड्या दिवसांनी अण्णा बाळूकाकांना सांगत होते, "लई हलकी चढती आता. ग्रीसची करामत!" माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

परवा खांदेमळणीचा दिवस होता. ग्रीसचा डबा काढायला त्यांच्या खाटेखाली वाकले. डब्याखाली ती चिरलेली फळी होती. जळणातून परत आणून, स्वच्छ पुसून ठेवलेली.

मी सांधा साफ केला, ग्रीस भरलं. खाली उतरवलेली गाडी पुन्हा चढवताना नवी फळी लागलीच नाही. पायावर वजन सोडलं, खट्. मग चाकाला एक झोका दिला आणि ते थांबेपर्यंत ओट्यावर बसून राहिले...