मोगऱ्याच्या तेलाची बाटली

बाबा गेल्यावर आईने मोगऱ्याचं तेल लावायचं सोडलं. कळंबच्या आमच्या घरी हे तेल ती स्वतः करायची. खोबरेल तेलात ताज्या कळ्या घालून बाटली अंगणात उन्हाला ठेवायची, कोमेजलेल्या काढून नव्या घालायची. कळ्या तोडायचं काम बाबांचं. तिने वेणी घातली की बाबा उगाचच तिच्या आसपास घुटमळायचे. आम्हा पोरांना वाटायचं, त्यांचं काहीतरी हरवलंय.

आता ती बाटली कपाटात, साड्यांच्या मागे होती. "विधवेने वासाचं तेल लावू नये असं कोण म्हणतं, सांग मला!" असं मी तिच्यावर डाफरायचे. ऐकून घेण्याआधीच भांडून मोकळं व्हायचं, हा माझा स्वभाव. ती नुसतं "नको गो" म्हणायची आणि मला शेजारणींचा राग यायचा, त्यांनीच हे तिच्या डोक्यात भरवलं असणार म्हणून.

मागच्या हिवाळ्यात तिला मुंबईला संग्रहालयात नेलं. तिथे रोमन काळातल्या काचेच्या बाटल्या मांडल्या होत्या, अत्तराच्या आणि तेलाच्या. एक तर जेमतेम बोटाएवढी. मातीत राहून तिच्यावर माशाच्या खवल्यासारखे रंग चढले होते.

"तोंडाशी फुटलीय," मी म्हटलं.

"फुटली नको म्हनू. वाढली म्हन."

बांगडीचा नियम तिने दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाटलीलाही लावला. मला हसू आलं. मग मी पाटी वाचून दाखवली. अशा बाटल्या मेलेल्या माणसासोबत थडग्यात ठेवत.

"तेलासकट?"

"असेल."

ती काचेपाशी आणखी वाकली. "त्यांनी तेल देऊन टाकला. मी ठेवून घेतला. शेवटच्या कळ्या तुझ्या बापानं तोडलेल्या. लावला तर संपल ना."

म्हणजे शेजारणींचा काही संबंधच नव्हता. वर्षभर मी तोंड वाजवत होते आणि ही बाई तेल जपत होती. मला माझीच लाज वाटली.

घरी आल्यावर तिने बाटली काढली. "बस खाली."

पन्नाशीची मी, निमूट लादीवर बसले. "अगं, मला कशाला? तुझ्या केसांना लाव."

"माझा वास मना कसा येल? त्यांची पोर तू. तू जवळ बसलीस का मना येल."

तिने बाटली तळहातावर उपडी केली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवली. तिचे हात डोक्यावर फिरू लागले तशी मी रडले. त्यानंतर चार दिवस मी केस धुतले नाहीत.