दोन ओळींमधली वेळ

इस्लामपूरच्या अलीकडं एका साखर कारखान्याच्या शेती विभागात मी कॉम्प्युटरवर बसते. हंगामात यार्डात ट्रॅक्टर साठत नसतील, तेवढे किस्से आमच्या टेबलावर साठतात. आणि त्यातला एकही आम्ही मुद्दाम घडवलेला नसतो. आम्ही आपले नुसती वजाबाकी करायला बसलो होतो!

झालं असं, की आमच्या माने साहेबांना यार्डातला वेळ मोजायची हुक्की आली. ट्रॅक्टर गेटमधून आला की शीटमध्ये एक ओळ, वजनकाट्यावर चढला की दुसरी, आणि मधला फरक शेजारी. थांबून थांबून ऊस वाळतो, वजन घटतं, मग शेतकरी आमच्या नावानं शिमगा करतात. ते थांबवायचं. गेटवर नोंद घ्यायला सुभेदार, फौजेतून रिटायर झालेले. फॉर्म्युले लावायला सांगलीची गौरी.

"खालच्या ओळीतून वरची वजा करायची. चहा येईपर्यंत होतंय!" गौरी म्हणाली.

चहा आला. गार झाला.

* * *

पहिल्याच दिवशी शीटभर फुल्याफुल्यांची जाळी. साहेब वाकून बघायला लागले.

"हे काय, रांगोळी काढलीय का?"

"सर, वेळ मायनसमध्ये गेलाय," गौरी म्हणाली. " ट्रॅक्टर रात्री बाराच्या आधी आलाय, काटा झालाय बारानंतर. आपण तारीखच घातलेली नाही."

साहेबांनी बराच विचार केला. "म्हणजे यायच्या आधीच त्याचं वजन झालं?"

"शीटच्या मते, हो."

"मग तो आला कशाला?"

* * *

तारखा घातल्या. तर एक ट्रॅक्टर थेट १९०३ सालात! सुभेदारांनी फौजी पद्धतीनं वेळ लिहिलेली, '१४३०'. मधे टिंब नाही, काही नाही. कॉम्प्युटरनं ते १९०० सालापासूनचे दिवस समजून मोजले.

मी गेटवर फोन केला. "सुभेदार, आवं तुमचा ट्रॅक्टर एकोणीसशे तीन साली आलाय!"



"तवा कारखाना हुता का?"

"नव्हता हो."

"मग लाईन नसंल. लगीच खाली झाला आसंल."

* * *

पुढं गेट ते काटा सगळ्यांनाच जास्त वेळ लागायला लागला. शोधलं, तर दोन्हीकडची घड्याळं वेगळी. साहेब चिडले, स्वतः गेले आणि आपल्या मनगटावरच्या घड्याळाला दोन्ही जुळवून आले. दुसऱ्या दिवशी पाळी बदलायचा भोंगा झाला, तेव्हा आमच्या घड्याळांत ती वेळ कधीच टळून गेलेली होती!

साहेबांना कामावर यायला उशीर होतो म्हणून वहिनींनी त्यांचं घड्याळ पुढं करून ठेवलेलं. ते साहेबांनाच माहीत नव्हतं.

* * *

मग प्रत्येक ट्रॅक्टरच्या दोन खेपांमधला वेळ काढला. शिराळ्याकडच्या संपतच्या दोन ओळींमध्ये सरळ तीन दिवस. साहेबांनी बोलावून घेतलं.

"तीन दिवस कुठं गायब होतास रं?"

संपत माझ्याकडं बघतोय, गौरीकडं बघतोय. "सायेब, लगीन हुतं की."

"कुणाचं?"

"माजं. तुमी जेवाय आलावता न्हवं!"

* * *

आणि ट्रॅक्टरवाल्या मारुतीकाकांची ती ओळ. सकाळी गेटमधून आत आल्याची नोंद. तिच्याखाली, दुपारी पुन्हा आत आल्याची नोंद. मध्ये काटा नाहीच! एक ट्रॅक्टर दोनदा आत कसा येईल? गौरीनं फॉर्म्युला तपासला, मी नोंद तपासली, सगळं बरोबर. यार्डात कुणीतरी कुजबुजलं, "ऊस दुसरीकडं दिला असंल." तसं निघालं असतं, तर काकांचा ट्रॅक्टर त्याच दिवशी कारखान्याला बंद झाला असता. साहेबांचा चेहराही संशयानं ताठ झालेला.

काका टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"ट्रॉली लाईनीतच हुती सायेब. निस्तं इंजान घिऊन भाईर गेल्तो."

"कशाला?"

"माज्या मागं बैलगाडी हुती, बीडकडच्या ऊसतोड टोळीची. गाडीवरल्या बाईच्या पोटात कळा सुरू जाल्या. जीप न्हाई, काय न्हाई. मग तिला आन् तिच्या नवऱ्याला ट्रॅक्टरवर घेतलं, आन् हळूहळू न्हेलं इस्लामपूरला, दवाखान्यात."



"मग?" गौरीनं विचारलं.

"पोरगी जाली. दोगीबी बऱ्या हायत. दुसऱ्या दिशी सांगावा आला."

साहेब खुर्चीत मागं टेकले. चेहरा सैल झाला. "नवरा खूश झाला असेल."

"त्येला कुटं ठावं हुतं तवा? बाईला आत घेतलं, तसा त्यो माज्याबरुबर लगीच माघारी आला."

"अरे, बायको आत, आणि हा माघारी? तुम्ही थांब म्हणाला नाही त्याला?"

"म्हनलो की सायेब. दोनदा म्हनलो." काकांनी टोपी झटकली. "तर म्हनला, लाईनीतला नंबर जाईल."