प्यायच्या पाण्याने धुतलेलं रीळ

मुलांनो, तुमचे आजोबा आज समुद्रावरून रिकाम्या हातांनी परतले. गळाच्या रिळाची मूठ फिरवताना बोटंच वळेनात म्हणे. मी नेहमीप्रमाणे रीळ धुवायला घेतलं. विहीर मचूळ झाली आहे, म्हणून प्यायच्या हंड्यातलं पाणी ओतलं, तेही हळूहळू. जोराने ओतलं तर मीठ आत शिरतं.

"प्यायचं पाणी कशाला घालवतेस? मी आता जायचा नाही," ते म्हणाले.

दमले तर मीही आहे. पण मीठ त्याच दिवशी धुवावं लागतं, नाहीतर ते आतून खात राहतं. मनात बसलेल्या शब्दांचंही बहुधा असंच होत असावं. मी रीळ पुसलं, तेलाचा थेंब सोडला.

"नसेल जायचं तर नका जाऊ," मी म्हटलं, "पण गंजाचं निमित्त काही मी तुम्हाला मिळू द्यायची नाही."